मोजण्याआधी गाळणी

रविवार, सात सप्टेंबर, दुपारचे चार वाजून पंधरा मिनिटे. मल्लेश्वरममध्ये मूर्ती सरांच्या गॅरेजात चटईवर बसून आईने डाव्या हाताने तंबोऱ्याची गवसणी उतरवली, आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून ही वेळ कामाच्या वहीत लिहिली. चाचणी सुरू करताना वेळ लिहिलीच पाहिजे, असा सरांचा दंडक होता. त्या नोंदीखाली काय लिहायचे हे मी मनात आधीच ठरवून ठेवले होते: यंत्रात दोष आढळला नाही. ते वाक्य लिहावे लागले नाही. त्याबद्दल मी तीन माणसांचा ऋणी आहे. त्यांपैकी दोघे आता नाहीत, आणि ते असताना मी हे बोललो नाही.

वडील सार्वजनिक क्षेत्रातील एका कारखान्यात अभियंता होते. नोकरीसाठी मिरज सोडून बंगळुरूला आले, आणि आमचे सगळे वाढणे मल्लेश्वरमच्या एका आतल्या क्रॉसवर, म्हणजे आडगल्लीत झाले. घरातली सकाळ आवाजांनी विभागलेली असे. साडेपाचला आईचा खर्ज लागे. ती गायन शिकवत असे आणि शिकवण्याआधी तासभर स्वतःचा रियाज करीत असे. तो तास पुरा होईपर्यंत संपमधले, म्हणजे जमिनीखालच्या टाकीतले, पाणी वरच्या टाकीत चढवणारा पंप सुरू करायचा नाही, असा नियम होता. पंपाची घरघर तिच्या षड्जाच्या जरा खाली येई आणि तिला ती सोसवत नसे. साडेसहाला पंप, सहा चाळीसला कोपऱ्यावर वडिलांची कारखान्याची बस, आणि त्यानंतर मुली शिकायला येत. सहाजणी होत्या. पाच कानडी, एक आमच्यासारखी मराठी. आई त्यांना कानडीत रागवे आणि मराठीत शाबासकी देई; त्यामुळे मुलींना मराठीचे पहिले शब्द कळले ते सगळे चांगले होते. जेवणातही असाच दोन प्रांतांचा कारभार होता. जोंधळ्याची भाकरी आणि हुळी, म्हणजे इकडचे सांबार, एकाच ताटात येई. थंडीत अवरेकाळू, म्हणजे ओले पावटे, निघाले की आई त्यांची गोडा मसाला घालून उसळ करी. शेजारच्या अक्कांना तो अपराध वाटे, तरी त्यांच्याकडे पाठवलेली वाटी नेहमी रिकामी परत येई.

रात्रीच्या जेवणाला एक नियम होता, तो वडिलांचा. बाहेरून शिकून आणलेला कोणताही शब्द ताटावर बसून उच्चारला, तर तो तिथेच समजावून सांगायचा. वाक्य साधे हवे. आधी वस्तू काय आहे ते सांगायचे. उपमा नंतर, आणि तीही आईची परवानगी असेल तर. निकाल आई देई. “पटलं” म्हणाली तर जेवण पुढे चाले. “नाही पटलं” म्हणाली तर तो शब्द दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला पुन्हा आणावा लागे. वडील स्वतः या नियमातून सुटलेले नव्हते. ट्रान्सफॉर्मरला म्हणतात तो ‘रोहित्र’ त्यांना तीन दिवस पुरला होता.

अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी मूर्ती सरांकडे कामाला लागलो तेव्हा हा नियम मला जड जाऊ लागला. सर पूर्वी रेडिओ दुरुस्त करीत, वीणा वाजवीत, आणि दोन्ही कामांत आपण दुसऱ्या दर्जाचे आहोत हे स्वतःच सांगत. आता ते गॅरेजात विजेवर चालणारे तंबोरे बनवीत. तोपर्यंतच्या डब्यांत तंबोऱ्याचा आवाज विजेने नव्याने तयार केलेला असे. तो ऐकून मधमाशी अडकल्यासारखे वाटे. सरांना खऱ्या तंबोऱ्याचाच आवाज आकड्यांत साठवून डब्यात घालायचा होता. त्या वेळी असे करणारे आमच्या माहितीत कोणी नव्हते. मी घरी येऊन मोठ्या ऐटीत म्हटले की आम्ही ध्वनीचे सॅम्पल घेतो.

वडिलांनी भाकरी मोडायची थांबवली. मी म्हटले, सॅम्पल म्हणजे नमुना, ध्वनीचा बारीक तुकडा. आईने विचारले, तुकडा केवढा लांब? मला उत्तर देता येईना, कारण त्याला लांबी नसतेच. शब्द परत गेला. दुसऱ्या दिवशी मी नीट सांगितले. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबाचे वरखाली होणे. आम्ही सेकंदाला आठ हजार वेळा तो दाब मोजतो आणि दर वेळचा आकडा लिहून ठेवतो. नमुना हा तुकडा नव्हे, एका क्षणी घेतलेले माप आहे. आकडे त्याच क्रमाने आणि त्याच वेगाने परत वाचले की स्पीकरचा पडदा तसाच हलतो आणि तोच ध्वनी निघतो. मग परवानगी घेऊन उपमा दिली: दर वाढदिवसाला दाराच्या चौकटीवर मुलाची उंची खुणेने मांडतात, आणि खुणा पाहून मधल्या महिन्यांतही मूल कसे वाढले ते कळते. आई म्हणाली, “पटलं. पण खुणा लांबलांब असतील तर मधे आजारी पडून उठलेलं मूल तुला कळायचं नाही.” वडील हसले. मी हसलो नाही. हसायचे तर नव्हतेच, ते वाक्य जपून ठेवायचे होते, हे मला पुढे कळले.

बिट हा शब्द एका बैठकीत सुटला. बिट म्हणजे शून्य किंवा एक लिहायची जागा; प्रत्येक मापाला आमच्याकडे अशा आठच जागा, म्हणजे दोनशे छप्पन्नच पायऱ्या होत्या. दोन पायऱ्यांच्या मधे आलेले माप जवळच्या पायरीवर ढकलायचे. दर वेळी ढकललेला तो किंचित फरक नाहीसा होत नाही. सगळे फरक मिळून आवाजाखाली बारीक खरखर होऊन राहतात. पायऱ्या वाढवल्या की खरखर कमी. क्लिपिंगला तर आईने मला बोलूच दिले नाही. सर्वांत वरच्या पायरीपेक्षा आवाज मोठा झाला तर त्याचा माथा कापला जातो, एवढे सांगताच ती म्हणाली की उतू गेलेले दूध शेगडीतून परत पातेल्यात भरता येत नाही, हे तिला कोणी शिकवायला नको.

माझी मुलगी आज महादेवपुऱ्यात ध्वनीच्याच सॉफ्टवेअरचे काम करते. जे. पी. नगरच्या आमच्या घरी ती रविवारी जेवायला येते आणि नियम अजून चालू आहे. जावयाला त्याची धास्ती वाटते. तो ताटावर फक्त क्रिकेटबद्दल बोलतो.

त्या सप्टेंबरच्या आधीच्या उन्हाळ्यात आई संपचे लोखंडी झाकण उचलताना ओल्या फरशीवर घसरली. उजवे मनगट मोडले. प्लास्टर निघाले तेव्हा हाड जुळलेले होते, पण मनगट वळेना. पोळी लाटता येई, चमचा धरता येई. तंबोरा छेडता येत नव्हता. तो छेडायला जोर लागत नाही, सैल मनगट लागते. एका मुलीला तंबोऱ्यावर बसवून आईने शिकवून पाहिले. अर्ध्या तासात ती थांबली. म्हणाली, माझे लक्ष स्वराकडे राहत नाही, हिच्या बोटांकडे जाते. तीस वर्षे तिने आपला षड्ज आपल्याच हाताने ऐकला होता. तिने मुलींना काही दिवस येऊ नका असे सांगितले. काही दिवसांचे चार महिने झाले. तंबोरा गवसणीत घालून कोपऱ्यात उभा राहिला. पहाटे साडेपाचला घरात काहीच वाजत नसे. पंप मग वाटेल तेव्हा सुरू होऊ लागला, आणि त्याबद्दल कोणी बोलत नव्हते. आई स्वयंपाक पूर्वीसारखाच करी, पण तो करताना ती गुणगुणत असे, हे मला ते थांबल्यावर समजले.

मी मनाशी ठरवले की सरांचा डबा पहिल्यांदा वाजेल तो आईसाठी, काळी चारमध्ये, तिच्या पट्टीत. सरांनी लगेच होकार दिला. आम्ही तिचाच तंबोरा एकदा गॅरेजात नेऊन त्याचा आवाज घेतला होता. पंचम, जोडीच्या दोन तारा आणि खर्ज, असा एक फेरा चार सेकंदांत पुरा होई, आणि तेवढेच आकडे आमच्या चिपमध्ये मावत. फेरा संपला की पुन्हा पहिल्या आकड्यापासून वाचायचे. सांध्यावर टक असा आवाज येई. तो घालवण्यात माझा महिना गेला. तेही जमले. एका गोष्टीचे समाधान मात्र होईना. आवाजात जवारी नव्हती. घोडीवर तारेखाली सूत सरकवून तंबोऱ्याला जी झणझणीत किनार आणतात ती जवारी. तिच्यावाचून तंबोरा म्हणजे नुसता तारेचा आवाज.

जवारी कुठे जाते ते मला माहीत होते. माइक आणि मोजणारे यंत्र यांच्यामध्ये एक गाळणी होती, दोन लहान सर्किट-पट्ट्यांची. ती फार उंच कंपने मोजमापापर्यंत पोहोचूच देत नसे. पुस्तकात तशी गाळणी घालायला सांगितले होते. आणि जवारी तर सगळी उंच कंपनांतच राहते. सर दोन दिवस गावाला गेले असताना मी गाळणी काढून टाकली, माइकची तार सरळ जोडली आणि तंबोरा पुन्हा नेऊन नव्याने आवाज घेतला. जवारी आली. सर परतले, त्यांनी ऐकले, डोळे मिटले आणि म्हणाले की तंबोरा आत येऊन बसला. कसे केले, असे त्यांनी विचारले नाही. मीही सांगितले नाही. पुस्तक लिहिणाऱ्यांनी तंबोरा कधी ऐकला नसेल, असे मी स्वतःला समजावले. आमच्याखेरीज ही चूक कोणी केली नसती. बाकीच्यांना वाचवण्यासारखी जवारीच नव्हती.

ऑगस्टच्या शेवटी मी डबा घरी आणला आणि आईसमोर ठेवला. तिने तो बराच वेळ ऐकला. गायली नाही. मग म्हणाली की यात कोणीतरी बसले आहे. मी विचारले, कोण? तिला सांगता येईना. तंबोऱ्यातून आपोआप गंधार निघतो तो तिच्या ओळखीचा होता. हा तसा नव्हता. कुठल्याच तारेचा नव्हता. बारीक, मागे उभा राहिल्यासारखा. मी कान लावला, मला काही ऐकू आले नाही. दुसऱ्या दिवशी सरांनाही विचारले, त्यांनाही नाही. मी गॅरेजातून आलेखाचा कागद आणून तिच्यापुढे ठेवला आणि खऱ्या तंबोऱ्याची लाट आणि डब्यातली लाट सारखी दिसते हे दाखवले. ती कागदाकडे पाहून पुन्हा म्हणाली, “अरे मधू, आहे कोणीतरी.” तेव्हा मी म्हणालो, “आई, चार महिने तू गायली नाहीस. कानाची सवय मोडली असेल.”

तिने डब्याचे बटण बंद केले आणि तो कपाटावर ठेवला. ताटावर वाद झाला असता तर बरे झाले असते. त्यानंतर आठवडाभर घरात डब्याचे नाव निघाले नाही.

त्या रविवारी दुपारचे जेवण संपल्यावर वडील हात धुऊन आले आणि उभ्यानेच बोलले. मी तिला आलेख दाखवला हे त्यांना कळले होते. “कागद तिला दाखवलास. आता तंबोरा तिकडे ने आणि यंत्राला दाखव. तिलाही घेऊन जा. ती म्हणेल तसं कर. तुझं मत संध्याकाळी ऐकू.” आई साडी बदलून आली. तंबोरा मी घेतला, डबा पिशवीत टाकला. चार गल्ल्या आम्ही चालत गेलो.

सरांनी आईला चटई घातली. त्यांच्या पत्नीने कॉफी आणि कोडबळ्यांची, म्हणजे आपल्या कडबोळ्यांची, बशी आणून ठेवली आणि आईचे मनगट पाहून खोबरेल तेलाचे दोन उपाय सांगितले. सर आईला अक्का म्हणत. माझ्याकडे बोट करून ते तिला म्हणाले, “अक्का, तुमच्या मुलाला गाळणी कळते ती फक्त कॉफीची.” थट्टा साधी होती. मी पेला खाली ठेवला आणि माइक जोडायला उठलो.

चाचणी अशी मांडली. माइक तंबोऱ्याजवळ. त्याचा आवाज मोजून त्याचे आकडे व्हायचे, आणि तेच आकडे लगेच पुन्हा ध्वनी होऊन आईच्या कानावरच्या हेडफोनमध्ये यायचे. चिपमध्ये काही साठवायचे नाही. म्हणजे सांध्याचा, चिपचा, डब्याचा, कशाचाच संशय उरत नव्हता. छेडायला मी बसलो. आईने डोळे मिटले. दोन फेऱ्यांनंतर डाव्या हाताचे बोट वर केले आणि म्हणाली की तो आलाय.

सर म्हणाले, “सरी, नोडोण,” म्हणजे ठीक, पाहू या, आणि त्यांनी विचारले की तो कोणत्या स्वरावर आहे. आईने क्षणभर ऐकले आणि तोंड उघडले. चार महिन्यांनी तिने स्वर लावला. तो तिचा नव्हता, यंत्रातला होता. धैवत आणि कोमल निषाद यांच्या मधला, कोणत्याच घरात न बसणारा. तरी आवाज तिचा, पूर्वीचाच होता. सर पेटीच्या पट्ट्यांवर तो शोधू लागले आणि दोन पट्ट्यांच्या मधे बोट ठेवून थांबले. मी छेडत राहिलो. त्या वेळी थांबणे मला जमले नसते.

मग आईने मला जोडीच्या तारेखालचा मणी किंचित सरकवायला सांगितले. तार केसभर चढली. ती म्हणाली, “अजून.” आणखी केसभर. तिच्या कपाळावर आठी आली. तिने मला पुन्हा उतरवायला लावले, पुन्हा चढवायला लावले. तिचे बोट हवेत वरखाली होत होते आणि तारेच्या उलट जात होते. शेवटी तिने हेडफोन एका कानावरून बाजूला केला.

“मूर्ती, स्वल्प ऐका. तार चढवली की हा उतरतो. तार केसभर चढते आणि हा पुरा अर्धा स्वर खाली येतो. तंबोऱ्यातलं कोणी असतं तर तारेबरोबर चढलं असतं.”

सरांना अर्थ लागला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला लागला होता. पुस्तकातल्या त्या पानावर हेच लिहिले होते, आणि मी ते परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. सेकंदाला आठ हजार मापे घेतली तर चार हजारांपर्यंतचीच कंपने खरी उमटतात. त्यावरची कंपने नाहीशी होत नाहीत. मर्यादेच्या जितकी वर असतील तितकी ती मर्यादेच्या खाली येऊन उमटतात, वेगळ्याच स्वराचे रूप घेऊन. वरचे कंपन जितके चढावे तितके त्याचे खोटे रूप उतरते. याला अलायझिंग म्हणतात. एकदा आकडा झाला की खरे रूप आणि खोटे रूप यांत फरक करता येत नाही. म्हणून गाळणी मोजण्याआधी असते. मोजल्यावर गाळता येत नाही. मी वाचवलेल्या जवारीतला बराचसा भाग असा उलटा फिरून खाली येऊन बसला होता. आलेखावर तो दिसला नाही, कारण मी लाट नजरेने पाहिली होती, आणि मला जे पाहायचे होते तेच पाहिले होते.

गप्प राहून गाळणी दुसऱ्या दिवशी परत जोडता आली असती. कोणाला कळले नसते. तो विचार माझ्या मनात आला, हे लिहून ठेवतो. मी तंबोरा आडवा ठेवला आणि म्हणालो, “गाळणी मी काढली. तुम्ही गावाला गेलात तेव्हा. आईला ऐकू येतंय ते खरं आहे.”

 सर उठले, उघड्या यंत्रात डोकावले, जिथे पट्ट्या असायच्या तिथली सरळ जोडलेली तार पाहिली. मी नोकरी गेली असे धरून चाललो होतो. ते आईकडे वळले आणि कानडीत बोलले. त्याचा अर्थ असा: अक्का, जवारी अचानक आली तेव्हा ती कुठून आली हे मी विचारले नाही. मला ती हवी होती. अर्धी चूक याची, अर्धी माझी. विचारायचे काम मोठ्याचे असते. मग मला म्हणाले, “बस. जोड ती.”

असा न्याय करणारा माणूस मला पुढच्या नोकऱ्यांत भेटला नाही. माझ्या हाताखाली लोक आले तेव्हा मी तसा वागण्याचा प्रयत्न केला. दोनदा जमले.

पट्ट्या जोडायला वीस मिनिटे लागली. मी पुन्हा छेडू लागलो. आईने दोन्ही हातांनी हेडफोन कानाशी दाबले. उजवा हात वर नेताना तिला दुखले, हे मला दिसले. मणी वर, मणी खाली. तिचे बोट या वेळी हललेच नाही. “गेला,” ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली की जवारीही पातळ झाली. सर अपराध्यासारखे सांगू लागले की मोजण्याचा वेग दुप्पट करता येईल, मग जवारी राहील आणि पाहुणाही येणार नाही, पण चिपा दुप्पट लागतील, डबा मोठा होईल, वर्ष जाईल. तिने त्यांना थांबवले.

“वर्षभर मी काय करू? जवारी थोडी कमी आहे. पण जे आहे ते तंबोऱ्याचंच आहे. त्यावर मला स्वर लावता येईल.”

आम्ही तिथेच नव्याने आवाज घेतला. जुनी चिप अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवून तिच्यातले आकडे पुसले, नवे भरले. तेवढ्या वेळात आई आणि सरांच्या पत्नी कोडबळ्यांत ओवा घालावा की जिरे यावर बोलत होत्या आणि एकमेकींचे ऐकत नव्हत्या. चिपच्या काचेवर काळी पट्टी चिकटवून मी ती डब्यात बसवली. उजेड लागला तर आकडे पुसले जातात.

घरी वडील वाट पाहत होते. जेवण त्या दिवशी लवकर मांडले; भात, हुळी, कोशिंबीर. दोन घास झाल्यावर ते म्हणाले, “बोला.” मी आधी म्हणालो की चूक माझी होती, आणि आईला मी जे बोललो ते चुकीचे होते. वडील म्हणाले, ते झाले, शब्द सांग. मी अलायझिंग सांगितले, वर लिहिले आहे तसेच, साध्या वाक्यांत. उपमा माझ्याजवळ नव्हती. आईने ती दिली. दांडीवर लुगडे पसरत नेले आणि ते दांडीपेक्षा लांब निघाले, तर उरलेले मुडपून आपल्याकडेच परत येते. लुगडे जितके जास्त लांब, टोक तितके आपल्या जवळ. “आणि दांडीवर ते एकावर एक बसलं की कुठलं जाताना घातलेलं आणि कुठलं परत आलेलं, ते लांबून कळत नाही,” ती म्हणाली. वडिलांनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“पटलं का?” त्यांनी तिला विचारले.

“मला आधीच पटलं होतं,” आई म्हणाली. “त्याला पटायचं होतं.”

अलायझिंगची व्याख्या मी त्यानंतर पुष्कळ ठिकाणी वाचली, काही ठिकाणी शिकवली. आजच्या यंत्रांत मोजण्याचा वेग इतका आहे की तरुण अभियंत्यांना तो शब्द पाठ असतो, तो दोष मात्र ऐकलेला नसतो. हातातल्या फोनमध्ये आता कोणत्याही पट्टीचा तंबोरा वाजतो, जवारीसकट. चांगला वाजतो. तक्रार नाही.

ताटे उचलल्यावर आईने डबा पाटावर ठेवला आणि बटण दाबले. वडील वर्तमानपत्र घेऊन दुसऱ्या खोलीत गेले. दार त्यांनी उघडे ठेवले. ती काही वेळ नुसती ऐकत बसली. मग षड्ज लावला, हलका, फार वेळ न टिकवता. पुन्हा लावला. दुसऱ्या वेळी टिकला. खाली खर्जात उतरताना आवाज फाटला, तिने खाकरून पुन्हा धरला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. ती थांबून म्हणाली की मुलींना निरोप दे, उद्यापासून सकाळी सातला या.

आठ वाजायचे होते. मी सायकल काढली. पाच घरी निरोप दिला. सहाव्या घराला कुलूप होते. खिशातल्या कागदावर कानडीत दोन ओळी लिहिल्या, वेळेखाली रेघ मारली, आणि कागद दाराखालून आत सरकवला.